आवरण दूर करणारा वर्ग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेने आपला जमाखर्च समाजापुढे ठेवण्याचा प्रसंग असतो. मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळा, पाठशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्त्या, औषधोपचाराचे साह्य अशी पन्नास वर्षांच्या कार्याची नोंद अशा प्रसंगी वाचली जाते आणि तीत ज्ञानदानाचे पान नेहमीच ठळक असते. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने जैन समाजाने पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने सांभाळली आहेत. यांतील शेवटची दोन दाने शाळेच्या वर्गात एकमेकांपासून कशी दुरावतात आणि त्यांना पुन्हा एकत्र कसे आणता येईल, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमांतील समावेशक अध्यापनाचा आणि त्यासाठी केल्या जाणाऱ्या शिक्षक-प्रशिक्षणाचा आधार घ्यावयाचा आहे.

प्रथम एका मुलाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्गात हा मुलगा आढळतो. प्रकट वाचनाचा तास सुरू झाला, की आपली पाळी किती मुलांनंतर येणार हे तो मोजू लागतो. पाळी जवळ आली, की त्याला तहान लागते, पोटात दुखते किंवा पुस्तक घरी विसरल्याचे आठवते. बाई म्हणतात, आळशी आहे. शेजारी म्हणतात, लाडाने बिघडला. घरची वडीलधारी मंडळी सुस्कारा टाकून म्हणतात, त्याचे कर्म, दुसरे काय! वस्तुतः त्या मुलाला अक्षरांची ओळख पटायला इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, एवढेच. त्याच्या वर्गात ज्ञानदान चालू आहे, पण अभयदान नाही; आणि जेथे अभय नाही तेथे दिलेले ज्ञान घेणाऱ्याच्या ओंजळीत पडत नाही.

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांचा उगम

आंतरराष्ट्रीय शाळा म्हटले, की वातानुकूलित इमारत, पोहण्याचा तलाव आणि भरमसाट शुल्क एवढेच चित्र अनेकांच्या मनात उभे राहते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण या शाळांचा उगम वेगळ्याच गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा येथे राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांची कार्यालये स्थापन झाली. तेथे काम करण्यासाठी निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. एका बाकावर बसलेल्या मुलांची भाषा वेगळी, इतिहासाची पुस्तके वेगळी आणि घरातले संस्कारही वेगळे. शिक्षकाने सर्वांना एकच धडा एकाच रीतीने शिकवावा, ही कल्पना त्या वर्गात पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरणार हे उघड होते.

मायदेशी परतल्यावर या मुलांना विद्यापीठांत प्रवेश मिळावा, म्हणून अनेक देशांना मान्य होईल अशा परीक्षेची निकड पुढे भासू लागली. तीतून १९६८ मध्ये जिनिव्हा येथेच इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था स्थापन झाली. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ अलेक पीटरसन हे तिचे पहिले महासंचालक. आय.बी. या आद्याक्षरांनी ती आज ओळखली जाते. प्रारंभी तिचा केवळ विद्यापीठपूर्व दोन वर्षांचा डिप्लोमा अभ्यासक्रम होता. १९९४ मध्ये माध्यमिक वर्गांचा आणि १९९७ मध्ये प्राथमिक वर्गांचा अभ्यासक्रम तिने सुरू केला. भारतात कोडाईकनाल येथील आंतरराष्ट्रीय शाळेने १९७६ मध्ये हा डिप्लोमा प्रथम स्वीकारला. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील मुळशी परिसरात १९९७ मध्ये महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज उभे राहिले. तेथे अनेक देशांतील विद्यार्थी एकत्र राहून हाच डिप्लोमा पूर्ण करतात.

या संस्थेने आपल्या ध्येयविधानात एक विचार नमूद केला आहे. आपल्यापेक्षा वेगळी असलेली माणसेदेखील आपल्या वेगळेपणासह बरोबर असू शकतात, हे ज्यांना उमजते असे विद्यार्थी घडवावेत, असा त्याचा आशय आहे. अनेकान्ताचे बाळकडू घेतलेल्या समाजाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. वस्तूचे स्वरूप अनेकधर्मात्मक आहे आणि कोणतेही एक विधान सत्याचा एक अंशच सांगते, ही दृष्टी जैन आचार्यांनी शतकानुशतके मांडली. प्रश्न एवढाच आहे, की प्रवचनात ऐकलेला अनेकान्त शाळेच्या वर्गात उतरतो का? उत्तर लिहून दाखवणारा हुशार आणि तेच उत्तर तोंडी सांगणारा ढ, असे ठरवणारी शाळा एकान्तवादीच म्हटली पाहिजे.

समावेशन म्हणजे काय

जून १९९४ मध्ये स्पेनमधील सालामान्का या गावी युनेस्कोच्या पुढाकाराने एक जागतिक परिषद भरली. ९२ देशांची सरकारे आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या प्रतिनिधींनी तेथे एक जाहीरनामा संमत केला. अपंगत्व असलेल्या किंवा अन्य कारणाने मागे पडणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढत राहण्याऐवजी नेहमीच्या शाळांनीच सर्व मुलांना सामावून घेण्याइतके बदलावे, हे त्याचे सार. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांची संहिता स्वीकारली आणि २००७ मध्ये भारताने तिला अनुसमर्थन दिले. तिच्या अनुषंगाने झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून वाचन, लेखन, गणन यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यांत आहे. सर्व मुलांनी एकत्र शिकावे आणि त्यांच्या गरजांना अनुसरून अध्यापनाची पद्धतच बदलली जावी, अशी समावेशक शिक्षणाची व्याख्या त्या अधिनियमाने केली आहे.

या व्याख्येचा उत्तरार्ध पुष्कळदा विसरला जातो. मुलाला प्रवेश दिला, शेवटच्या बाकावर जागा दिली, शेजारी पालकांच्या खर्चाने एक मदतनीस बसवली, की समावेशन झाले असा समज दृढ होतो. प्रत्यक्षात ते मूल त्या खोलीत असते, त्या वर्गात नसते. मदतनीस त्याला वेगळे काहीतरी रंगवायला देते आणि शिक्षक उरलेल्या मुलांना शिकवतात. एका छपराखाली दोन शाळा चालतात, इतकेच.

आय.बी.च्या धोरणात समावेशन ही अखंड चालणारी प्रक्रिया मानली आहे. शिकण्याच्या वाटेतील अडथळे ओळखावेत आणि ते दूर करून प्रत्येक विद्यार्थ्याचा सहभाग वाढवावा, हा तिचा गाभा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला आपले समावेशनाचे धोरण लेखी ठेवावे लागते. परीक्षेत गरजेनुसार वाढीव वेळ, वाचक, लेखनिक, संगणकाचा वापर, मोठ्या टंकातील किंवा ब्रेल लिपीतील प्रश्नपत्रिका अशा सोयी मिळतात. परीक्षेत जी सोय लागणार, तिचा सराव वर्गात वर्षभर झालेला असावा, ही अपेक्षाही त्यामागे असते.

अशा सोयींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ही सवलत इतर मुलांवर अन्याय करणारी नाही का? त्याचे उत्तर मंदिराच्या पायऱ्यांशी मिळते. पायऱ्यांच्या बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधली, तर गुडघे दुखणाऱ्या आजीबाई तिचाच उपयोग करतात आणि लहान बाळाची गाडी ढकलणारी आईही. पायऱ्या चढू शकणाऱ्याचे त्यात काहीच जात नाही आणि दर्शनाचे मोलही कमी होत नाही. वास्तुरचनेतील हाच विचार अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कास्ट या संस्थेने अध्यापनाकडे वळवला. शिकण्याची गोडी लावण्याचे मार्ग अनेक असावेत, विषय मांडण्याचे मार्ग अनेक असावेत आणि शिकलेले दाखवण्याचे मार्गही अनेक असावेत, ही तिची तीन सूत्रे आज अनेक देशांतील शाळांनी अंगीकारली आहेत.

दुकानातला विद्यार्थी

आय.बी.ने सर्व विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या अध्यापनाची चार तत्त्वे सांगितली आहेत. विद्यार्थ्याची ओळख मान्य करून त्याचा आत्मसन्मान वाढवणे, त्याच्या पूर्वज्ञानाचे मोल जाणणे, योग्य वेळी योग्य आधार देणे आणि त्याला पुढच्या पायरीवर नेणे. ही तत्त्वे समजून घेण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. बाजारपेठेतील एखादे कापडाचे दुकान पुरेसे आहे.

समजा, इयत्ता सातवीतील एक मुलगा संध्याकाळी वडिलांबरोबर दुकानात बसतो. साडेचारशे रुपयांच्या कापडावर दहा टक्के सूट दिली तर गिऱ्हाइकाने किती द्यावेत, हे तो कागद न घेता सांगतो. चारशे पाच. तोच मुलगा शाळेत शेकडेवारीच्या चाचणीत नापास होतो, कारण प्रश्न इंग्रजीतील चार ओळींचा असतो आणि तो वाचेपर्यंत वेळ संपतो. शाळेच्या दप्तरी त्याला शेकडेवारी येत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर ती येते. सत्य कोणते?

समावेशक रीतीने शिकवणारा शिक्षक या मुलाच्या बाबतीत काय करील? घरी मारवाडी, कच्छी, गुजराती, कन्नड किंवा मराठी बोलणाऱ्या मुलाला तो त्याच्या भाषेत हिशेब सांगू देईल. ही झाली ओळखीची मान्यता. दुकानातील सूट आणि पुस्तकातील शेकडेवारी एकच आहे हे तो फळ्यावर दाखवील. हा झाला पूर्वज्ञानाचा आदर. लांबलचक प्रश्नाचे तुकडे करून, संख्यांखाली रेघ मारून, प्रारंभी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवून तो आधार देईल. बांधकाम पुरे झाल्यावर परात काढून घ्यावी, तसा हा आधार हळूहळू काढून घेतला जाईल. ही उपमा शिक्षणशास्त्रात रूढ झाली ती वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ मधील लेखामुळे. आणि शेवटी, सूट दिल्यावर आलेल्या रकमेवर तेवढेच टक्के वाढवले तर मूळ किंमत का येत नाही, असा प्रश्न विचारून तो मुलाला पुढच्या पायरीवर नेईल. कदाचित त्या दिवशी वर्गातील पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी अडखळेल आणि दुकानात बसणारा हा मुलगा त्याला समजावून सांगेल. चारशे पाच रुपयांवर दहा टक्के वाढवले तर साडेचाळीसच रुपये कसे वाढतात, हे त्याने गल्ल्यावर अनुभवलेले असते.

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट अनेकान्त समजावताना सर्वत्र सांगितली जाते. पाय चाचपणारा हत्तीला खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो आणि श्रोते हसतात. वर्गात एखादे दृष्टिहीन मूल बसले असेल तर ही गोष्ट कशी सांगावी, याचा विचार सहसा होत नाही. वास्तविक त्या प्रत्येकाचा स्पर्श खराच होता. न पाहणे हा त्यांचा दोष नव्हता. शेजाऱ्याला काय जाणवले हे त्यांनी विचारले नाही, हा दोष होता. गोष्ट तीच, पण अशा रीतीने सांगितली तर कोणतेही मूल खाली मान घालणार नाही. समावेशक अध्यापनात शिक्षकाला असे शेकडो लहान निर्णय रोज घ्यावे लागतात.

ज्ञानावरणाचा विचार

येथे जैन तत्त्वज्ञानातील एका मूलभूत सिद्धान्ताकडे वळणे आवश्यक आहे. आत्मा स्वभावतः अनंतज्ञानमय आहे. अज्ञान हा त्याचा स्वभाव नव्हे. ज्ञानावरणीय कर्माने ते ज्ञान झाकलेले असते. मेघांनी सूर्य झाकला म्हणून सूर्य विझला असे कोणी म्हणत नाही. याचा सरळ अर्थ असा, की जैन विचारात "ढ" हा शब्दच बसत नाही. ज्याचे ज्ञान अद्याप प्रकट झालेले नाही, असा जीव असू शकतो. ज्याच्यात ज्ञान नाही, असा जीव असू शकत नाही.

मात्र याच सिद्धान्ताचा आधार घेऊन कित्येकदा उलटाच निष्कर्ष काढला जातो. "त्याचे कर्म" एवढे दोन शब्द उच्चारले, की शिक्षक मोकळे होतात, शाळा मोकळी होते आणि माता-पिता अश्रू पुसून गप्प बसतात. कर्मसिद्धान्त असे सांगत नाही. कर्माचा क्षयोपशम होतो, त्यासाठी पुरुषार्थ लागतो आणि योग्य निमित्तही लागते. उत्तम शिक्षक हे त्या निमित्तांपैकी एक श्रेष्ठ निमित्त आहे. इतकेच नव्हे, तर शास्त्रकारांनी ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगताना ज्ञान असून ते लपवणे, मत्सराने न देणे, दुसऱ्याच्या ज्ञानसाधनेत अंतराय आणणे आणि ज्ञानाची अवहेलना करणे यांची गणना केली आहे. म्हणजे ज्या मुलाला वाचता येत नाही त्याचे कर्म काय, याची चर्चा करण्यापूर्वी त्याच्या शिकण्यात अंतराय आणणाऱ्या शाळेला कोणते कर्म लागते, याचा विचार आधी करावा लागेल.

श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमीला आणि दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते. लिहिलेल्या कागदाला चुकून पाय लागला, तर लहान मूलसुद्धा तो उचलून मस्तकाला लावते. ज्ञानाची आशातना घडू नये, ही केवढी सुंदर शिकवण! मग वर्गात सर्वांसमक्ष "तुझ्या डोक्यात काही शिरत नाही" असे जेव्हा एखाद्या मुलाला ऐकवले जाते, तेव्हा आशातना कोणाची होते? कागदाची जपणूक करणाऱ्या समाजाने त्या मुलाच्या मनात असलेल्या ज्ञानाची जपणूक तेवढ्याच काळजीने करावयास हवी. आंतरराष्ट्रीय शिक्षणक्षेत्र "अडथळे दूर करणे" म्हणते. जैन परिभाषेत त्याला "आवरण दूर करणे" म्हणता येईल.

शिक्षकाचे शिक्षण

हे सर्व ऐकल्यावर कोणताही प्रामाणिक शिक्षक एक प्रश्न विचारील. साठ मुलांचा वर्ग, पूर्ण करावयाचा अभ्यासक्रम, तपासावयाच्या वह्या, यांत हे करावयाचे कसे? हा प्रश्न टाळून समावेशनाविषयी बोलणे हे शिक्षकावर अन्याय करणारे ठरेल. केवळ सदिच्छेने कोणी शल्यविशारद होत नाही, तसा केवळ दयाबुद्धीने कोणी समावेशक शिक्षकही होत नाही. हे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

येथेच आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आय.बी.ची मान्यता हवी असेल तर शाळेच्या प्रमुखांना आणि शिक्षकांना ठरावीक प्रशिक्षण घ्यावेच लागते. मान्यता मिळाल्यावरही ते थांबत नाही. साधारणतः दर पाच वर्षांनी होणाऱ्या मूल्यमापनात शाळेने शिक्षकांच्या शिक्षणासाठी काय केले, हे पाहिले जाते. कार्यशाळा घेणारे मार्गदर्शक बहुधा स्वतः शाळेत काम केलेले अनुभवी शिक्षकच असतात, त्यामुळे वर्गातील अडचणी त्यांना ऐकीव माहितीवरून समजून घ्याव्या लागत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिक्षकांनी एकत्र बसून नियोजन करण्यासाठी वेळापत्रकात वेळ राखून ठेवावा लागतो. गणिताचे, भाषेचे आणि विशेष शिक्षक एका टेबलाशी बसतात आणि पुढच्या आठवड्यात कोणते मूल कोठे अडेल, याचा अंदाज घेतात.

त्या तुलनेत प्रशिक्षणाची परिचित पद्धत पाहावी. मे महिन्याच्या सुटीत एक दिवस ठरतो. बाहेरून वक्ते येतात, शाल-श्रीफळ होते, तीन तासांचे भाषण होते, अल्पोपाहार होतो आणि जून महिन्यात वर्ग पूर्वीसारखाच सुरू होतो. यात वक्त्याचा दोष नाही आणि श्रोत्यांचाही नाही. अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून हेच दाखवून दिले, की केवळ सिद्धान्त ऐकून शिक्षकाच्या वर्गातील वागण्यात फारसा फरक पडत नाही. प्रात्यक्षिक, सराव आणि नंतर वर्गात येऊन सोबत करणारा अनुभवी सहकारी यांची जोड मिळाली, तरच नवे कौशल्य टिकते. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, इतर मागे बसून मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर त्यावर चर्चा होते. चर्चेत शिक्षकाच्या उणिवा मोजल्या जात नाहीत. मुले कशी शिकली, याचा शोध घेतला जातो. या पद्धतीला ना मोठी इमारत लागते, ना परदेशी शुल्क.

आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. पन्नास तास म्हणजे महिन्याला जेमतेम चार तास. हा वेळ सत्कारसमारंभांत खर्च करावयाचा की मुलांच्या वह्या समोर ठेवून विचार करण्यात, हे ठरवणे मात्र शाळेच्या हाती आहे.

एका जैन कुटुंबातील मुलाचा वारसा

शाळा आधी की शिक्षक आधी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जिनिव्हापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहत असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अभिमानाची पाने असतात, तशी असे एखादे आत्मपरीक्षणाचे पानही असावे. दाराबाहेर पडलेल्या त्या विद्यार्थ्याने पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे असे वसतिगृह उभे केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला भेट दिली. समावेशन हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी भाऊरावांनी ते एका पंगतीत आणून दाखवले होते.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी फारशी सांगितली जात नाही. खेड्यापाड्यांतून शाळांचे जाळे विणायचे तर तेथे शिकवणारा माणूस तयार हवा, हे ओळखून त्यांनी १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू केले. मुलांना दार उघडून देणे आणि शिक्षकाला तयार करणे ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने अचूक जाणले होते.

कायदा आणि धर्म

२००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने शाळांवर अनेक कर्तव्ये सोपवली. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त केली. न्यायालये आपले काम करतीलच. पण समाजापुढचा प्रश्न न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नाही. कायद्याने सूट दिली म्हणून ज्ञानात अंतराय आणण्याची सूट धर्म देत नाही. ज्यावर कायद्याचे बंधन नाही तेथे जे स्वेच्छेने केले जाते, त्यालाच व्रत म्हणतात.

शुल्काचा प्रश्नही प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय शाळांतील समावेशन पुष्कळदा शुल्क भरू शकणाऱ्यांपुरते राहते. त्या शाळांचे नाव घेण्याची गरज ट्रस्टच्या शाळांना नाही. त्यांची शिस्त घेण्याची गरज आहे. आठवड्यातून एक तासिका शिक्षकांच्या संयुक्त नियोजनासाठी राखावी. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एक विशेष शिक्षक शाळेत असावा आणि त्याने वेगळ्या खोलीत न बसता इतर शिक्षकांबरोबर वर्गात काम करावे. शिक्षकांनी महिन्यातून एकदा परस्परांचा पाठ पाहावा. शाळेचे समावेशनाचे धोरण दोन पानांत, मराठीत लिहून पालकांच्या हाती द्यावे. आणि सुवर्णमहोत्सवी निधीतून एक वाटा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी कायम ठेव म्हणून बाजूला काढावा.

इमारतीला दात्याचे नाव देता येते, संगमरवरी फलक लावता येतो. शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी दिलेल्या दानाला फलक लावण्याची जागा नसते. कदाचित त्यामुळेच हे दान मागे राहिले असेल. गुप्तदानाची थोर परंपरा असलेल्या समाजाला ही उणीव भरून काढणे अवघड नाही.

प्रारंभी ज्या मुलाचे चित्र डोळ्यांपुढे आणले, तो मुलगा आजही कोठल्यातरी वर्गात आपली पाळी मोजत बसला आहे. त्याच्या शिक्षिकेला जर वेळ, प्रशिक्षण आणि सहकाऱ्यांची साथ मिळाली, तर ती त्याला आदल्या दिवशीच चार ओळी वाचायला देईल, त्या त्याच्याबरोबर दोनदा म्हणून घेईल आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नेमक्या त्याच चार ओळी त्याच्या वाट्याला येतील. तो उभा राहील, सावकाश वाचील आणि खाली बसेल. वर्गातल्या इतर मुलांना त्यात विशेष काही वाटणार नाही. त्या मुलाला मात्र त्या दिवशी ज्ञानदान आणि अभयदान ही दोन्ही दाने एकाच हातून मिळालेली असतील.

जय जिनेंद्र.